दांडीच्या अंगणातील बर्फयंत्र

फुकट मिळणाऱ्या दोन वस्तूंतून एक निवडायची वेळ आली, की मनुष्याचा स्वभाव उघडा पडतो. लोभी मनुष्य मोठी वस्तू उचलतो आणि शहाणा मनुष्य उपयोगी वस्तू उचलतो. आपण लोभीही दिसू नये आणि हिशेबीही दिसू नये, या विवंचनेत असलेला माझ्यासारखा मनुष्य मात्र जी वस्तू निवडतो, ती पुढे त्याच्या अंगणात ठाण मांडून बसते आणि हळूहळू त्यालाच अंगणाबाहेर काढू लागते.

अडुसष्ट सालची गोष्ट. तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाचे बांधकाम संपत आले होते आणि तिथे टंकलेखक म्हणून माझे दिवस खटखट करीत चालले होते. आमच्या विभागातील अमेरिकन साहेब मायदेशी परत निघाले, तेव्हा त्यांनी मला आपल्या बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेले आणि सांगितले, की तू माझी एवढी पत्रे टंकित केलीस, आता या दोन यंत्रांतून तुला हवे ते घेऊन जा. एक यंत्र गवत कापण्याचे होते, हे मला समजले. दुसरे लाल रंगाचे होते. त्याला पुढे दात असलेला रुंद जबडा, मागे दोन दांडे आणि वर बगळ्यासारखी मान वळवलेले नळकांडे होते. ते कशासाठी आहे, हे मला समजले नाही.

मी मनाशी विचार केला. गवत कापण्याचे यंत्र उपयोगी आहे, आणि उपयोगी वस्तू मागणे म्हणजे दात्याच्या औदार्याचा फायदा घेणे. उलट, जिचा उपयोग आपल्याला ठाऊकच नाही, ती वस्तू मागण्यात निरिच्छपणा दिसतो. मी लाल यंत्राकडे बोट दाखवले.

साहेब इतके हसले, की त्यांना एका खोक्यावर बसावे लागले. मग डोळे पुसत त्यांनी खुलासा केला. त्यांच्या गावी हिवाळ्यात खिडक्यांपर्यंत बर्फ साचते. घरासमोरची वाट मोकळी करण्यासाठी तिथे घरोघरी हे यंत्र असते. ते बर्फ खाते आणि बाजूला फेकते. सामान बांधणाऱ्या कंपनीने त्यांना न विचारताच सगळी शेड जहाजात भरली, म्हणून ते इथवर आले. हे ऐकल्यावर 'मग ते दुसरेच द्या' असे म्हणणे शक्य होते. परंतु मागणे ही एक असभ्यता, आणि मागून बदलणे ही दुसरी. माझ्यात एकीचेही बळ नव्हते.

प्रकल्पाच्या फाटकावर पहारेकऱ्याने यंत्र लादलेली बैलगाडी थांबवली.

"ये क्या है, बाबूजी?"

"बर्फ हटाने की मशीन."

त्याने वर सूर्याकडे पाहिले, समोरच्या ताडांकडे पाहिले आणि अत्यंत कळवळ्याने विचारले, "बर्फ हटाते-हटाते यहाँ तक आ गये?"

इथवर सगळे हसण्यावारी नेता आले असते. परंतु परदेशी माल जकातीशिवाय आलेला असल्यामुळे मला पालघरच्या एका कचेरीत जावे लागले. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण तिथे माझी सही अद्याप आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडून एक हमीपत्र लिहून घेतले: सदरहू यंत्र मी विकणार नाही, कोणास देणार नाही, टाकून देणार नाही, ते चालू स्थितीत ठेवीन आणि केवळ घरगुती वापरासाठी वापरीन. निरीक्षक केव्हाही येऊन पाहतील. वापर आढळला नाही, तर जकात आणि दंड दोन्ही बसेल, शिवाय माझ्या वरिष्ठांना कळवण्यात येईल.

"परंतु साहेब, इथे बर्फ पडत नाही," मी म्हणालो.

"हवामान आमच्याकडे येत नाही," अधिकारी म्हणाले. "तुम्ही वापर दाखवा."

अशा रीतीने प्रकल्पाजवळच्या दांडी गावात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, बर्फ फेकण्याचे यंत्र चालू ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी माझ्यावर येऊन पडली.

दांडीत आम्ही पारूबाईंच्या घरातील एका खोलीत भाड्याने राहत होतो. मी आणि आई. आईला दम्याचा विकार होता. आधी पालघरला भाताच्या गिरणीशेजारी राहत होतो, तेव्हा कोंड्याच्या धुळीने ती रात्र रात्र उशीला टेकून बसलेली असे. दांडीला आलो आणि खाऱ्या वाऱ्याने तिचा श्वास मोकळा झाला. वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वासही येई, आणि आमच्या घरात तर पिढ्यान् पिढ्या कांदासुद्धा चातुर्मास पाहून येत असे, परंतु आई म्हणे, "वासाला नुसतं नाक लागतं रे, श्वासाला सगळं अंग लागतं." प्रकल्पामुळे आसपासच्या गावांत खोली मिळणे दुरापास्त झाले होते. ही खोली गेली असती, तर आम्हाला पुन्हा गिरणीशेजारीच जावे लागले असते. एरवी खोली जाण्याचे भय मला नव्हते. मी महिन्याच्या महिन्याला भाडे देत होतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नव्हतो.

यंत्र गाडीतून उतरवले, तेव्हा पारूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या घरासमोरचे अंगण म्हणजे आळीतल्या चार घरांचे सामाईक वाळवण. शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर जवळा पसरलेला असे. म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी, जी वाळली की वर्षभर विकली जाते.

"ह्ये काय आनलंस, रायटर?" पारूबाई मला रायटर म्हणत, बांधकामावर कागद धरणारा प्रत्येक मनुष्य त्यांच्या लेखी रायटरच होता.

"बर्फाचं यंत्र आहे."

"बर्फ करतंय?" त्यांच्या डोळ्यांत क्षणभर आदर चमकला.

"नाही. फेकतं."

"फेकतं?" आदर मावळला. "आमी बर्फ इकत आनतो, रायटर. फेकीत नाय."

यंत्र अंगणाच्या कोपऱ्यात राहिले आणि मी त्याच्या निगराणीस लागलो. सोबत आलेल्या पुस्तिकेत सूचना होत्या. दर वापरानंतर साचलेले बर्फ झटकून टाकावे. मी दर रविवारी न पडलेले बर्फ झटकत असे. ऐन थंडीत तेल घट्ट होते, तरी यंत्र घरात घ्यावे. दांडीच्या ऐन थंडीत मी सदरा काढून घामाघूम होऊन तेल बदलत असे. खाऱ्या हवेने त्याच्या दातांवर गंज चढे. आई स्वयंपाकातून वाचवलेले खोबरेल देई आणि ते मी त्या दातांना एखाद्या दंतवैद्याच्या हळुवारपणाने चोळी. कधी संध्याकाळी, समुद्र काळवंडत असताना, ते लाल यंत्र मान वळवून क्षितिजाकडे पाहत असल्यासारखे दिसे. जे कधीच येणार नाही त्याची वाट पाहत परक्या किनाऱ्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे मला समजत होते. आमच्यात एक प्रकारचा अबोल स्नेह उत्पन्न झाला. तो एकतर्फी असावा, कारण दोरी ओढल्यावर ते दर खेपेस माझ्या कोपराला हिसडा देई.

सल्लागारांना तोटा नव्हता. शेजारच्या खोलीत पंढरी राहत होता. तो साताऱ्याकडचा, प्रकल्पावर फिटर. त्याने यंत्राभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "हे बर्फाचं-बिर्फाचं काही नाही. साहेबानं तुम्हाला गंडवलं. हे मुरूम पसरायचं मशीन आहे." समोर भगवंत मास्तर राहत. ते निवृत्त शिक्षक असल्यामुळे त्यांना कोणत्याही विषयात मत असे. ते म्हणाले, "चिकूच्या वाडीला फवारणी! नळकांड्याचा कोन पाहा!" मग दोघे माझ्या दारात बसून मुरूम की चिकू, यावर अशा काही त्वेषाने भांडले, की आईने त्यांना दोनदा चहा दिला. मला मात्र कुणी काही विचारले नाही. माझे काम केवळ यंत्राचा मालक असणे एवढेच होते.

निगराणीचा भाग म्हणून आठवड्यातून एकदा इंजिन चालू करावे लागे. त्याची गर्जना होताच कोंबड्या कुंपणापार जात, धूर वाळवणावर पसरे, आणि पारूबाई दारात येऊन उभ्या राहत. त्या काही बोलत नसत, हे अधिक वाईट होते. शेवटी एका रविवारी बोलल्या.

"रायटर, पुनवेपर्यंत काय ते ठरव. अंगनातून ह्ये जाईल, नायतर तुमी."

मी हमीपत्राविषयी सांगू लागलो. विकता येत नाही, देता येत नाही, टाकता येत नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग तुमी जा. तुमच्यावर तर तसा कागद नाय ना?"

आईला मी यातले काही सांगितले नाही. परंतु एका खोलीच्या घरात न सांगितलेलेच आधी ऐकू जाते. त्या रात्री तिला पुन्हा उशी लागली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात निरीक्षक आले. झुंबरराव त्यांचे नाव. नगरकडचे, पोक्त, बगलेत छत्री आणि हातात कागदांची पिशवी. बोईसरहून येताना एस.टी.त उभे राहावे लागल्यामुळे ते सरकारवर रागावलेले होते, आणि दांडीत त्या क्षणी सरकारच्या वतीने मीच उपलब्ध होतो.

"यंत्र दाखवा."

मी दाखवले.

"चालू स्थिती दाखवा."

मी दोरी ओढली. यंत्र गर्जले, कोंबड्या गेल्या.

"आता घरगुती वापर दाखवा."

मी अंगणाकडे पाहिले. चारही घरांचा जवळा उन्हात पसरलेला होता, पांढुरका, सुकत आलेला. मास्तर ओट्यावरून सुचवू लागले, की सुरूची वाळकी पाने गोळा करून ती फेकून दाखवावी. पंढरी म्हणाला, "मुरूम आणतो." झुंबरराव म्हणाले, "मला शेवटची एस.टी. गाठायची आहे."

तेवढ्यात खाडीच्या बाजूने वारा फिरला. कार्तिकात असा वारा फिरावा, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. आकाशाची एक कड काळी झाली आणि आळीच्या टोकाहून कुणीतरी हाक दिली, "पानी आलाऽऽ! जवळा उचलाऽऽ!"

या हाकेविषयी सांगायला हवे. ढग दिसला, की ज्या बाईला तो आधी दिसेल तिने हाक द्यायची, आणि मग आळीतल्या प्रत्येक घरातून जो असेल त्याने सूप, टोपली, पाटी घेऊन धावत यायचे. जवळा कुणाचाही असो, हात सगळ्यांचे. एक सर पडली, की तो सडतो. मी ही धावपळ अनेकदा ऐकली होती. ऐकली म्हणतो, कारण अशा वेळी मी हळूच आमचे दार लोटून घेत असे. बायका लुगडी खोचून लगबगीने वाकत आहेत, तिथे एका परपुरुषाने पाहत उभे राहणे बरे नव्हे. शिवाय आपण नाक मुरडतो असा त्यांचा समज होऊ नये. सभ्यतेची ही सूक्ष्मता दांडीत फक्त मलाच साधली होती.

आज मात्र लोटायला दारच नव्हते. मी अंगणाच्या मध्यावर होतो आणि माझ्या हातात, रुंद जबडा असलेले, जमिनीवरचे पांढरे जे असेल ते उचलून एका बाजूला ढीग करणारे, चालू स्थितीतील यंत्र होते. आयुष्यात प्रथमच मला वाटले, की योग्य मनुष्य योग्य जागी योग्य साधनासह उभा आहे. मी दांडा दाबला.

यंत्राने जवळा खाल्ला. किती आनंदाने खाल्ला, ते पाहायला साहेब हवे होते. मग नळकांड्यातून तो जवळा एक सुंदर, उंच, रुपेरी कमान करून निघाला आणि माझ्या अपेक्षेप्रमाणे पारूबाईंच्या पडवीत ढीग होण्याऐवजी आमच्या छपरावर जाऊन पडला.

"मान वळवा! मान वळवा!" मास्तर ओरडले.

मी माझी मान वळवली. घाईत मला तेवढेच सुचले.

"यंत्राची हो!"

मी नळकांडे फिरवले. कमान डौलाने फिरली. ती मास्तरांच्या ओट्यावरून, त्यांच्या चष्म्यावरून आणि वाळत घातलेल्या सोवळ्यावरून गेली आणि झुंबररावांवर स्थिरावली. त्यांनी तत्काळ छत्री उघडली. कार्तिकातल्या दांडीत, काळ्या छत्रीखाली एक सरकारी अधिकारी उभा आहे आणि त्याच्यावर पांढरे काहीतरी भुरभुरते आहे, हे दृश्य इतके नयनरम्य होते, की मी यंत्र थांबवायचे क्षणभर विसरलो.

"डावा दांडा ओढा!" पंढरीने सांगितले. मी ओढला. यंत्र अधिक वेगाने धावू लागले. "मग उजवा असंल!" उजवा माझ्या हातात आला. पारूबाईंनी पडवीतले जुने जाळे उचलले आणि जबड्यासमोर भिरकावले. यंत्राने ते घशाशी नेले, एकदा खोकले आणि दातांत जाळे धरून बंद पडले.

मग पहिला थेंब माझ्या हातावर पडला.

त्यानंतरचे मला तुटक आठवते. मी यंत्र सोडले आणि गुडघ्यांवर बसून ओंजळीने जवळा भरू लागलो. सूप नव्हते, म्हणून सदऱ्याची झोळी केली. शेजारी कुणीतरी पितळी परात घेऊन वाकले. पाहतो तो आमची पुरणाची परात, आणि ती धरणारी आई. झुंबररावांनी छत्री उलटी करून तिच्यात तीन घरांचा जवळा एकत्र केला, तो कुणाचा कुठला हे मागाहून कुणालाच सांगता आले नाही. मास्तर एका हाताने सोवळे आणि दुसऱ्या हाताने टोपली सांभाळत होते. सर कोसळली, तेव्हा अंगणात काही उरले नव्हते. पडवीत ढीग लागला होता आणि सगळी आळी त्याभोवती निथळत उभी होती.

पारूबाईंनी ढिगात हात घालून पाहिला. "वाचला," त्या म्हणाल्या. "कौलावरचा गेला, तो कावळ्यांचा." मग माझ्याकडे वळल्या. माझ्या केसांत, कानांत, सदऱ्याच्या खिशात जवळा होता. मी मान खाली घालून शब्द जुळवू लागलो.

"नुकसान… माझ्यामुळे… मी भरून…"

"गप र्‍हा," त्या म्हणाल्या. "इतके दीस कुटं होतास? हाक आली का तुजा दार बंद. आमी म्हटलं, रायटरला आमची घान येते."

"नाही हो! मी… आपल्याला संकोच नको म्हणून…"

"संकोच?" त्यांनी सगळ्या बायकांकडे पाहिले. "आयकलं का गो? आपल्याला संकोच नको म्हनून ह्यो दार लावीत होता!" पडवीत असे हसू फुटले, की छपराच्या वाशांवरून दोन चिमण्या उडाल्या. मी लाजेने लाल झालो. परंतु त्या हसण्यात मला कुणी बाहेर काढीत नव्हते, उलट ओढून आत घेत होते, एवढे माझ्यासारख्यालाही कळले.

"बाई, यंत्राचं मंग काय?" पंढरीने विचारले.

"यंत्राचा मला कंदी राग होता?" पारूबाई म्हणाल्या. "कोपऱ्यात पडू दे मेल्याला. फकस्त चालू नको करू."

"ते चालू ठेवणं बंधनकारक आहे," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

सगळ्यांच्या नजरा झुंबररावांकडे गेल्या. त्यांनी कॉलरमधून एक कोळंबी काढली, तिच्याकडे निरखून पाहिले आणि पिशवीतून कागद घेतला. "यंत्र घरगुती वापरात आढळले," ते लिहिता लिहिता म्हणाले. "वापर समाधानकारक. माझ्या समक्ष. पुन्हा तपासणीची आवश्यकता नाही." मग हळू आवाजात पुढे म्हणाले, "पुन्हा यायला कुणी तयारही होणार नाही. जरा सुका जवळा बांधून मिळेल का? घरी आवडतो." पारूबाईंनी त्यांना कागदात नव्हे, केळीच्या पानात बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत. ते पावसातून एस.टी.कडे गेले, मिटलेल्या छत्रीतून जवळा सांडत.

सर ओसरली. माणसे आपापल्या घरी गेली. पुनव दोन दिवसांवर होती आणि खोलीविषयी कुणी एक शब्द बोलले नव्हते. विचारावे असे शंभरदा मनात आले. शंभरही वेळा मी खिशातला जवळा वेचत राहिलो. मी पडवीच्या कडेला उभा राहिलो. पारूबाई डोळ्यांवर हात धरून छपराकडे पाहत होत्या. तिथे पन्नासेक कावळे उतरले होते, आणि फटींतला जवळा काढण्यासाठी चोचींनी कौले उचकटत होते.

"बघ मेल्यांनी काय मांडलंय," त्या म्हणाल्या. "उद्या कौलवाल्या महादूला बोलावते. तुमच्या खोलीवरची कौलं पयली चाळून घ्यायला लागतील. नायतर आखाडात सगळं पानी तुज्या आवशीच्या अंगावर येल."

एवढे बोलून त्या आत गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. आखाड. मध्ये संपूर्ण थंडी होती, संपूर्ण उन्हाळा होता, आणि त्याच्याही पलीकडे, पावसाच्या ऐन माऱ्यात, या बाईने आईला त्याच छपराखाली निजलेली गृहीत धरली होती.

मी घरात गेलो. आई ओले केस पुसत बसली होती. कोपऱ्यात एक बोचके होते. तिने ते केव्हा बांधून ठेवले होते, ते मला ठाऊक नव्हते.

"काय म्हणाल्या रे?"

"कौलं चाळायची म्हणतात. आखाडाच्या आत."

आईने बोचके पुढे ओढले, गाठ दातांनी सैल केली आणि एकेक भांडे काढून फळीवर पालथे घालू लागली.